पाय जड होतो ती जागा

आमच्या रानातल्या विहिरीची जागा शेजारच्या कासममामांनी दाखवली. मी लग्न होऊन निमोण्यात आले त्याच वर्षीची गोष्ट. शिरूरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र घेऊन बीएस्सी झालेली मी, पायांनी पाणी शोधणारा माणूस बघायला बांधावर उभी होते आणि हसू फुटू नये म्हणून पदराचं टोक दातात धरलं होतं.

मामा पाणाडी. दुसरे पाणाडी तळहातावर नारळ उभा करतात, नाहीतर उंबराची बेचकी धरून फिरतात. मामांकडे यातलं काहीच नाही. चपला बांधावर काढायच्या, पायजमा पोटरीपर्यंत वर दुमडायचा आणि उन्हं चढायच्या आत सगळं रान अनवाणी चालायचं. पाय जड होईल तिथं पाणी. चालताना मामांनी बोलायचं नाही आणि त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही, हा कडक नेम. रानाचा मालक चुन्याच्या फक्कीची पाटी घेऊन चार पावलं मागं चालतो. मामा थांबले की मालकानं त्यांच्या टाचेमागं मूठभर फक्की टाकायची. मग मामा बांधावर येऊन चपला घालणार आणि तेव्हा कुठं तोंड उघडणार.

आमच्या विहिरीला पाणी लागलं. त्या पायांवर माझा विश्वास तेव्हा नव्हता, आजही नाही. चाळीस वर्षं रानं तुडवलेल्या माणसाला मातीच्या रंगावरून, झाडाझुडपांवरून काही अंदाज येत असेल, अशी मी माझी समजूत घालते. मामांना हे ठाऊक आहे.

"सूनबाई, तुमच्या पुस्तकात पायाचं काय लिव्हलंय?" त्यांनी एकदा मला विचारलं होतं.

"काहीच नाही, मामा."

"मंग ती बूट घालणाऱ्यांनी लिव्हली असतील."

असा हा माणूस. पण अलीकडे त्यांची चाल बिघडत गेली. पाऊल उचलायचंच नाही, जमिनीला घासत पुढं सरकायचं. वळायला सात-आठ पावलं लागायची. पुढं बोलणं मंदावलं, घरातल्यांची नावं जिभेवर यायला वेळ लागू लागला, आणि लघवीला पोचेपर्यंत दम निघेना. खातूनमामी दिवसातून तीनदा त्यांचे पायजमे धुवायच्या आणि वाळत घालताना मुद्दाम साड्यांच्या मागं घालायच्या. आमच्या गच्चीवरून मला ते दिसायचं. मी कधी विचारलं नाही.

मामींची जीभ मात्र होती तशीच राहिली. मामा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात अडकले की त्या चुलीपासून ओरडायच्या, "लागलं का तिथं पाणी? बोलवू का बोरची गाडी?"

मामा हसायचे. मग हसता हसता एखादा पाय सुटायचा.

गावानं मात्र वेगळाच अर्थ लावला होता, आणि तो लावणारा माणूस म्हणजे सोपानराव. मामांचा तालमीतला जोडीदार, दोघे एकमेकांना अरेतुरे करणारे. त्यांनी मामांना रान दाखवलं, मामा चालले, बांधापासून थोड्या अंतरावर थांबले, फक्की पडली. तिथं बोर घेतला तो साडेचारशे फुटांपर्यंत कोरडा गेला. नुसता धुरळा. सोपानरावांनी पुढं शेततळं केलं, त्यांचं काही अडलं नाही. पण तेव्हापासून ते पारावर सांगत, "कासमचे पाय खोटे झाले. लोकांच्या पाण्याशी खेळला, आता पायच गेले." मामांना रानं दाखवायला बोलावणं बंद झालं. मामांनी कधी उलट शब्द काढला नाही. मला वाटायचं, थकलेत म्हणून.

मामांची मुलगी सुफिया दौंडला असते. तिचा नवरा शाकीर रेल्वेत आणि ती स्वतः एका खासगी लॅबमध्ये रक्त-लघवी तपासते. दिवाळीच्या सुट्टीत ती आली, बापाला अंगणात वळताना बघितलं आणि दोन दिवस त्यांच्यावर नजर ठेवून राहिली. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आली.

"भाभी, अब्बांचं हे म्हातारपण न्हाई. आमच्या लॅबशेजारच्या हॉस्पिटलात विद्यापीठाचे लोक दर गुरुवारी येतात. मेंदूभोवतीच्या पाण्यावर त्यांचं संशोधन चाललंय. चाल, विसराळूपणा आन् लघवी, हे तिन्ही एकदम बिघडलेली म्हातारी माणसं ते हुडकत्यात. अब्बांचं तिन्ही हाय. तुमची गाडी मिळंल?"

गाडी मीच चालवते. गुरुवारी सकाळी मामा पुढं, मागं मायलेकी, न्हावऱ्यावरून भीमा ओलांडून आम्ही दौंडला गेलो.

आधी मोठ्या यंत्रात डोक्याचा फोटो झाला. मग डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं: मेंदूच्या आत पोकळ्या असतात, त्यात पाणी असतं, मामांच्या पोकळ्या फुगल्या होत्या. त्यांनी सरळ शब्दांत सांगितलं, "मामा, तुमच्या डोक्यात पाणी साठलंय."

मामा पडद्याजवळ वाकले. मग म्हणाले, "माझंच रान ऱ्हायलं व्हतं बघायचं."

डॉक्टरांचं म्हणणं असं, की पाठीच्या खालच्या मणक्यांतून सुईनं थोडं पाणी काढून बघायचं. काढल्यावर चाल सुधारली, तर ऑपरेशन करून बारीक नळी बसवता येईल, म्हणजे जादा पाणी पोटात उतरत राहील. सुधारली नाही, तर ऑपरेशनचा उपयोग होईलच असं नाही. ते सांगून डॉक्टर दुसऱ्या पेशंटकडे गेले आणि कागद घेऊन एक मुलगी आमच्यासमोर बसली. गौतमी तिचं नाव, वडगाव रासाईची, विद्यापीठात याच पाण्यावर पीएचडी करत होती.

मामींनी कागद बघण्याआधीच हात वर केले. "पाठीत सुई न्हाई. माझ्या मामाच्या पाठीत सुई मारली, तो परत उठला न्हाई. हे निदान घासत का हुईना, चालत्यात."

"मामी, भीती वाटणारच," गौतमी म्हणाली. "माझ्या आजीलाही वाटली होती. ही सुई मज्जारज्जू जिथं संपतो त्याच्या खाली देतात. डोकं दुखू शकतं एक-दोन दिवस. क्वचित याहून जास्त त्रास होतो, तोही कागदावर लिहिलाय, मी वाचून दाखवते."

मामांनी मामींचा हात हलकेच खाली केला. "थांब. मला इचारू दे. पोरी, पाणी किती हाय सगळं मिळून?"

"चहाचा एक मोठा कप."

"काढणार किती?"

"दोन-तीन मोठे चमचे."

"पाझर किती?"

मला वाटलं, आता ही मुलगी अडखळणार. पण ती खेड्यातली, वडगावची होती. पेन खाली ठेवून ती म्हणाली, "पाझर चांगला आहे, मामा. रात्रंदिवस चालू असतो. काढलेलं दोन-अडीच तासांत भरून येतं."

"मंग निचऱ्यातच खोट हाय. आवक हाय, जावक न्हाई." मामा माझ्याकडे वळले. वळायला वेळ लागला, पण डोळे लखलखत होते. "सूनबाई, पोरगी पाणाडी हाय."

मग गौतमीनं पुढचं सांगितलं. काढलेल्या पाण्यातलं थोडं ती विद्यापीठात नेणार. त्यात कोणकोणती द्रव्यं किती आहेत ते मोजणार. काही जणांची चाल पाणी काढल्यावर सुधारते, काहींची नाही. ते आधीच पाण्यावरून ओळखता येईल का, हा तिचा प्रश्न. "यातून तुम्हाला स्वतःला फायदा होईलच असं मी म्हणणार नाही. नाही म्हणालात तरी उपचार हेच मिळतील."

"ने की. माझ्या कुठं उपेगाचं हाय."

ती अर्ज भरू लागली. नाव, वय, गाव. मग विचारलं, "पाय पहिल्यांदा कधी अडकला?"

"सहा म्हैनं झालं," मामी म्हणाल्या.

"वर्ष तरी असंल," सुफिया म्हणाली.

गौतमीनं लिहिलं नाही. "मामा, तुम्ही सांगा. पाणी किती दिवस तुंबलंय, त्यावर बरंच अवलंबून असतं. मी पाण्यात जे मोजते ते या तारखेशी लावून बघते. तारीख चुकली की माझंही चुकलं आणि माझ्यामागून येणाऱ्याचंही. अंदाजे नको."

मामांचे हात मांडीवर होते. ते एकमेकांत गुंतवून त्यांनी खाली बघितलं. बोलायला लागले ते इतक्या हळू, की गौतमी खुर्ची पुढं ओढून बसली.

"लिव्ह. सोपानच्या रानात. दोन वर्सं हून गेली. उन्हाळा व्हता. चालत हुतो, आन् पाय उठंनाच. जड झाला न्हवता. जड झाल्यालं मला कळतं. ह्यो चिकाटला व्हता, सिमिटात घातल्यागत. मी उभा. म्हटलं, सुटंल आता. तवर माघारी फक्की पडल्याचा आवाज आला."

"आणि तुम्ही काही बोलला नाहीत?" मी विचारलं.

"चालताना बोलायचं न्हाई."

"बांधावर आल्यावर?"

"बांधावर चपला घातल्या. सोपान्या म्हणाला, कासम, जागा घट्ट दिसती, लई येळ उभा ऱ्हायलास. त्याच्या तोंडाकडं बघितलं. पाणाड्याचे पाय गेले, असं कसं सांगू? वाटलं, लागंल बी पाणी. कुठंबी लागतं कधी कधी. गप बसलो."

मामी ताडकन बोलल्या, "दोन वर्सं? त्यो पारावर तुमची बदनामी करत बसतो, आन् तुम्हाला ठावं व्हतं?"

"त्यो खरंच बोलत व्हता, खातून."

गौतमीनं लिहिलं. तारखेची जागा मात्र कोरी राहिली; मामांना दिवस आठवेना.

सुई देण्याआधी मामांना चालायला लावलं. जमिनीवर दहा मीटरची पट्टी आखलेली. मामांना ते अंतर जायला चौतीस पावलं लागली. मग त्यांना कुशीवर निजवून गुडघे पोटाशी घ्यायला सांगितले. मामी दाराबाहेर बसून तोंडातल्या तोंडात दुआ पुटपुटत होत्या, मी आत मामांच्या उशाशी. थेंब थेंब पाणी काचेच्या नळीत उतरत गेलं. संपल्यावर मामांनी उताणं होता होता पहिली गोष्ट विचारली, "दाव बघू."

गौतमीनं नळी उजेडात धरली. नितळ, काही न घातल्यासारखी.

"गोडं का मचूळ?"

"थोडं खारट असतं, मामा."

"मंग उसाला न्हाई चालायचं."

डॉक्टरसुद्धा हसले. पण चार तासांनी पुन्हा पट्टीवर चालवलं तेव्हा तेहतीस पावलं झाली. एक कमी. सुफियानं दोनदा मोजून बघितलं. गौतमी म्हणाली, "काहींना दुसऱ्या दिवशी फरक पडतो." ती धीर द्यायला म्हणतेय असं मला वाटलं, आणि आम्ही सगळे सुफियाच्या रेल्वे क्वार्टरवर मुक्कामाला गेलो. जेवताना शाकीरनं दोन विनोद केले, ते वाया गेले.

सकाळी मी चहा ठेवायला उठले तर मोरीत पाण्याचा आवाज. मामा तोंड धूत होते. एकटे गेले होते, वेळेत गेले होते. त्यांनी मला बघितलं आणि टॉवेल खांद्यावर टाकून सरळ, पाय उचलून माझ्यासमोरून बाहेरच्या खोलीत गेले. मामी अंथरुणावर उठून बसल्या होत्या. त्यांनी नुसता पदर तोंडाला लावला.

गौतमीही चाल मोजायला दौंडलाच राहिली होती. हॉस्पिटलात पट्टीवर एकोणीस पावलं झाली.

गौतमीनं आनंद लपवला नाही, पण लगेच सांगितलंही, "हे टिकत नाही, मामा. तीन-चार दिवस, कधी आठवडा. पुन्हा तुंबणार. पण आता नळीचं ऑपरेशन करावं असं डॉक्टर नक्की सांगतील. तारीख आम्ही कळवू."

"दोन-अडीच तासांत भरून येतं म्हणालीस, मग सुधारणा इतके दिवस कशी?" मी विचारलं.

"वहिनी, ते आम्हालाही पुरतं कळलेलं नाही."

मला ती मुलगी त्या उत्तरासाठी फार आवडली.

मामांनी मात्र एवढंच ऐकलं होतं: तीन-चार दिवस. गाडीत बसल्या बसल्या म्हणाले, "सूनबाई, घरी न्हाई जायचं. सोपानच्या रानावर घ्या."

"अहो, डॉक्टरनी पडून ऱ्हायला सांगितलंय!" मागून मामी.

"पडून ऱ्हायाला जलम पडलाय. पाय चार दिवस हायेत. घासत गेलो आन् सांगितलं, तर त्यो म्हणंल, दुखण्यानं हरला म्हणून कबूल झाला. चालत जाऊन सांगायचंय."

मी आरशात मामींकडे बघितलं. त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. म्हणजे हो.

सोपानराव शेततळ्याच्या कडेला मोटरपाशी वाकले होते. मामा गाडीतून उतरले, सवयीनं चपला बांधावर काढल्या आणि रानातून चालत निघाले. सोपानरावांनी मान वर केली. हातातला पाना तसाच राहिला. त्यांनी गेली दोन वर्षं या माणसाला असं चालताना बघितलं नव्हतं.

बांधापासून थोड्या अंतरावर सिमेंटनं बुजवलेलं बोरचं तोंड होतं. मामा तिथं थांबले. या वेळी आपल्या मनानं.

"सोपान, हितं पाणी न्हवतं."

"ते मला साडेचारशे फुटांवर कळलं. तू कशाला आलास सांगायला?"

"मलाबी ठाव न्हवतं, पर हितं पाय जड झाला न्हवता. पाय अडकला व्हता. डोक्यात पाणी झालंय माझ्या, त्यानं. तू फक्की टाकलीस आन् मला लाज वाटली. गप बसलो. चूक माझी."

सोपानरावांनी पाना खाली ठेवला, हात पुसले, मग पुन्हा पुसले. "कासम्या, दोन वर्सं मी गावाला सांगत फिरलो, तू खोटा म्हणून."

"व्हय. मी ऐकत व्हतो."

"आरं, पण तू खोटा न्हवतास की! आजारी व्हतास! तोंड काय शिवलं व्हतं? बोलला असतास तर पाठकुळी टाकून दवाखान्यात नेला असता तुला!" ते इतके चिडले होते, की बांधावरून मामींनाही ऐकू गेलं. बोर कोरडा गेला तेव्हासुद्धा ते इतके चिडले नसतील.

मी मधे पडले. "सोपानआप्पा, बोर कोणत्या दिवशी घेतलात, आठवतं? दौंडच्या लोकांना तारीख हवी आहे."

सोपानरावांनी वहाणेनं बोरच्या तोंडावरची माती बाजूला केली. सिमेंट ओलं असताना काडीनं कोरलेली तारीख तिथं होती. "बुजवला त्याची हाय ही. कासमनं रान बघितलं त्याच्या आदल्या बेस्तरवारी. बोरची गाडी आठवड्यानं आली, त्याच दिशी बुजवला." मी तिथूनच गौतमीला फोन लावला. ती म्हणाली, "थांबा, पेन घेते."

फोन ठेवला तर सोपानराव जरा मऊ आवाजात म्हणत होते, "बरं, आता पाय आलेत तर आजच एकदा रान बघ की. वरच्या तुकड्यात."

मामांनी मान हलवली. "न्हाई. आता पाय थांबला, तर कशानं थांबला ते मलाबी कळायचं न्हाई आन् तुलाबी."

दोघं बांधाकडे परत निघाले. मामा पुढं, आणि सोपानराव, ज्यांचा गुडघा कैक वर्षांपासून धरलेला, मागून धापा टाकत. "हळू चाल की रं! चार दिवस पुरवून वापर!"

पाय सहा दिवस टिकले. सातव्या दिवशी मामी पुन्हा साड्यांमागं पायजमे वाळत घालताना दिसल्या. ऑपरेशनची तारीख आली त्या सकाळी मी गाडी मामांच्या दारात लावली, तर अंगणात सोपानराव आधीच येऊन बसलेले. मांडीवर मामांच्या कपड्यांची पिशवी.

मामा घरातून निघाले आणि उंबऱ्यातच अडकले. एक पाय आत, एक बाहेर. मामी मागं उभ्या होत्या. या वेळी त्या काही बोलल्या नाहीत.

सोपानरावांनी पिशवी खाली ठेवली आणि दारापाशी गेले. "काय रं? टाकू का फक्की?"

"नको," मामा म्हणाले. "पाणी न्हाई हितं. पाय अडकलाय. हात दे."